दोरीवरची माणसं

योजनासाहेब खाणीच्या वस्तीत पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता, आणि तिथंच त्याचं चुकलं. त्या वस्तीत पांढरा रंग कुणी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. रस्ते लाल, छपरं लाल, कुत्री लाल. जन्मानं पांढऱ्या असलेल्या एका मांजरीला तर सगळी वस्ती ‘तांबडी’ म्हणूनच हाक मारायची. जीपचं दार उघडून तो शर्ट बाहेर आला, तेव्हा म्हणे दोन कावळे हवेतल्या हवेत थबकले. चहावाल्यानं कप सोडून टेबलावर चहा ओतला, आणि बाकावरच्या एका आजोबांनी डोळ्यांवर हात धरून उजेड जरा कमी करायला सांगितलं. यातलं निम्मं खोटं आहे, पण नेमकं कुठलं निम्मं, यावर वस्तीत अजून एकमत झालेलं नाही.

मग लॉंड्रीच्या दारातून मावशी बाहेर आली. बाहेर आली म्हणणं तितकंसं बरोबर नाही. दारच तिच्याभोवतीनं मागं सरकलं. हात कोपरापर्यंत साबणात, पदर खोचलेला, आणि नजर साहेबाच्या तोंडाकडे नाही, कॉलरकडे. डॉक्टरनं नाडी धरावी तशी तिनं ती कॉलर चिमटीत धरली. साहेब सरकारच्या खनिज विभागातून आला होता. देशाच्या पोटातून जे निघतं, त्यातला थोडा वाटा त्या पोटावर राहणाऱ्यांच्या पोटात जावा, हे बघायचं त्याचं काम. त्यावर त्यानं जीपमध्ये बसून एक सुरेख भाषण तयार केलं होतं. त्यातलं ‘नमस्कार’ एवढंच बाहेर पडलं.

“ते नंतर,” मावशी म्हणाली. “आधी शर्ट काढ. ही धूळ घामात भिजली की रंग धरते. मग तुझी आई आली तरी निघायची नाही.”

तर सर्वसमावेशक विकासावरचं त्या वस्तीतलं पहिलं सरकारी भाषण भोक पडलेल्या बनियनवर झालं. बायका ऐकायला झाडून आल्या. साहेबाला वाटलं, विषयात रस आहे. पुढचे कित्येक महिने वस्तीत कुणाला काही अवघड वाटलं की लोक एकमेकांना सांगायचे, त्या पोरानं बनियनवर विकास केला, तुला एवढं जमत नाही होय?

पण त्याची पाचावर धारण बसली ती त्याच दिवशी संध्याकाळी. वाळलेला शर्ट न्यायला तो लॉंड्रीच्या मागच्या अंगणात गेला. दिवस मावळत आला होता, हवेत लाल धूर असल्यासारखा उजेड होता, आणि अंगणभर माणसं उभी होती. रांगेनं, खांद्याला खांदा लावून, निळ्या वर्दीतले खाणकामगार. उंच, बुटके, एक खांदा पडलेले, ढेरपोटे. कुणी हलत नव्हतं की बोलत नव्हतं. साहेबाच्या मनात आलं, मूक निदर्शनं आहेत. नोकरीला लागताना अशा प्रसंगी काय करायचं ते त्याला शिकवलेलं होतं, म्हणून त्यानं घसा साफ करून सांगितलं की तुमच्या भावना मी वर कळवीन. तेवढ्यात वारा सुटला. सगळ्यांनी एकदम हात वर केले. आणि साहेबाच्या लक्षात आलं की कुणाच्याच मानेवर डोकं नाही.

तो ओरडला की नाही, हे मावशीनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एवढा मोठेपणा तिच्यात होता.

त्या खाणीच्या वर्द्या होत्या. वर्दी म्हणजे शर्ट आणि पँट एकत्र शिवलेला निळा पोशाख, आणि मावशी तो खांद्यांना काठी घालून दोरीला उभा टांगायची, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. जाड कापड वर्षानुवर्षं एकाच अंगावर राहिलं की त्या अंगाचंच होतं. गुडघ्याला गुडघा येतो, पोटाला पोट सुटतं. मावशीला नावं पाठ ठेवायची गरजच नव्हती. हा लंबू, हा डावखुरा, हा वाकडखांद्या, हा सदा खिशात काहीतरी विसरणारा. साबण लावताना ती त्यांच्याशी बोलायची, म्हणजे खरं तर त्यांची खरडपट्टी काढायची. लंबूला, बाबा रे, सांभाळून वाकत जा. ढेरपोट्याला, तुझं बटण मी आता चौथ्यांदा लावतेय, एक तर बटण धर नाहीतर पोट.

साहेबाला हे सगळं फार गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सहज विचारलं की हे सगळे भेटतील कधी? पाळी सुटल्यावर?

मावशी हातातला कपडा पिळत राहिली. मग म्हणाली की लंबू धूळ छातीत जाऊन गेला, त्याला तीन उन्हाळे झाले. डावखुरा कामावरून कमी झाला आणि बायकोमुलांना ठेवून शहरात गेला. रखवालदार आहे म्हणतात. ढेरपोट्याचा पत्ता नाही. त्या दोरीवरच्या वर्द्यांपैकी ज्यांच्यात अजून कुणी माणूस जात होता अशा, फार तर एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

गोष्ट अशी होती की खाण जोरात चालली होती. इतकी जोरात पूर्वी कधीच चालली नव्हती. राजधानीत दरवर्षी जो आकडा सांगून टाळ्या घेतात, त्या आकड्यातला मोठा हिस्सा या डोंगरातून निघत होता. फक्त आता ट्रकांना ड्रायव्हर लागत नव्हता. घराएवढाले ट्रक आपले आपण खाली उतरायचे, आपले आपण भरून वर यायचे, आणि राजधानीत गार खोलीत बसलेली चार मुलं कॉफी पीत त्यांना वळवायची. माल वाढत गेला तशी माणसं कमी होत गेली. साहेबाच्या ऑफिसातल्या भिंतीवर ही वाढ निळ्या रेघेनं काढलेली होती, वर वर चढत जाणारी. वस्तीत ती मावशीच्या हौदात दिसायची: दर महिन्याला धुवायला येणाऱ्या वर्द्या थोड्या कमी.

पण दोरीवर मात्र त्या कमी होत नव्हत्या. कारण लॉंड्रीचा एक नियम होता. तो मावशीच्या सासूपासून चालत आलेला. धुवायला टाकलेला कपडा मालकाच्या किंवा त्याच्या घरच्याच्या हातातच द्यायचा, आणि द्यायचा तो स्वच्छच. मालक आला नाही तर कपडा फळीवर राहतो. फळीवर राहिला की आठवड्यात लाल होतो. लाल झाला की पुन्हा धुवायचा. न्यायला आलेल्या माणसाला “थांब हं, जरा झटकून देते” असं म्हणायची वेळ लॉंड्रीवर येता कामा नये. कामावरून कमी केलेला माणूस वर्दी न्यायला कशाला येईल? आणि मेलेल्याच्या बायकोला ती घरात कशाला हवी? म्हणून त्या सगळ्या मावशीकडेच राहिल्या, आणि दर आठवड्याला उठून अंगणात उभ्या राहू लागल्या.

दोरीच्या अगदी टोकाला, नळाजवळच्या सावलीत, एक वर्दी नेहमी शेवटची असायची. ती धुताना मावशीचं तोंड सर्वांत जास्त चालायचं. कोपर बघा कसं घासलंय, माणूस आहे की खवणी. ही ‘आमच्या ह्यांची’. हे म्हणजे मावशीचा नवरा, खाणीत ट्रक चालवणारा. ट्रक आपला आपण चालायला लागल्यावर तो लांबच्या एका खाणीत काम बघून येतो म्हणून गेला. जाताना वर्दी तिच्या हौदात टाकून म्हणाला, धुवून ठेव, आलो की घालतो. सुरुवातीला फोन यायचे. मग एक दिवस तो नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई शुद्ध भाषेत सांगायला लागली. वस्तीत यावर कुणी बोलत नसे. मावशीसमोर तर नाहीच.

साहेब रोज चहाला लॉंड्रीत यायला लागला. तो योजना आणायचा आणि मावशी त्या धुवून काढायची. शिवणकाम? कुणासाठी शिवायचं, ट्रकांसाठी? अळिंबी? तांबडी मांजर खाईल. याआधी एका साहेबानं वस्तीला मधमाश्या पाळायला दिल्या होत्या. त्यांनी आठवडाभर धूळ सोसली आणि राणीसकट राजीनामा देऊन गेल्या. साहेब हसायचा, पण संध्याकाळी अंगणातून जाताना तो हल्ली भिंतीच्या कडेनं जायचा. वाऱ्यानं एखादी बाही त्याच्या खांद्याला लागायची आणि तो नकळत “माफ करा” म्हणायचा. एकदा गेस्टहाऊसमधल्या खिडकीतून त्यानं खाली पाहिलं, तर डोंगराच्या पायथ्याशी ती सगळी रांग त्याच्याकडेच तोंड करून उभी होती. त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी विचारायचंय त्यांना. त्यानं पडदा ओढून घेतला.

आणि मग खरंच एक चांगली बातमी आली. साहेबाचे कागद वर पोचले होते. एक समिती येणार होती. ज्या वस्तीचं काम खाणीनं खाल्लं, त्या वस्तीला खनिज निधीतून वाटा द्यायचा असं ठरत होतं: घरोघरी नळाचं पाणी, दवाखान्यात डॉक्टर, आणि मुख्य म्हणजे तंत्रशाळा, जिथं वस्तीतली मुलं ते ट्रक चालवणारी आणि दुरुस्त करणारी यंत्रं शिकतील. म्हणजे निदान उरलेली पोरं तरी घर सोडून जाणार नाहीत. समितीनं एकदा यायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि सही करायची. इतकंच बाकी होतं. ती सही झाली नाही, तर ते पैसे दुसऱ्या जिल्ह्याला जाणार होते.

साहेब आनंदानं उड्या मारत गेस्टहाऊसच्या खिडकीशी गेला आणि तिथंच थंड पडला. समिती उतरणार ती याच गेस्टहाऊसमध्ये. आल्याआल्या पडदा सारला की समोर काय दिसणार? कामावर निघाल्यासारखी दोरीभर माणसं.

तो धावत लॉंड्रीत गेला. मावशीला त्यानं समजावलं की त्या दिवसापुरत्या या वर्द्या दोरीवर नकोत. फक्त खरोखर कामावर असलेल्यांच्या ठेव. समितीला मोकळी दोरी दिसू दे. ती हजार कागदांपेक्षा जास्त बोलेल. मावशीनं सगळं नीट ऐकलं. म्हणाली, कुठं ठेवू? साहेब म्हणाला, आत, फळीवर, पोत्यात, कुठंही. तिचा चेहरा उतरला.

“लपवून ठेवायला ते काय चोर आहेत?” ती म्हणाली.

त्या दिवशी चहा मिळाला नाही. साहेब तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आला. शेवटी मावशीच बोलली, हात पुसत, त्याच्याकडे न बघता. पोत्यात भरायच्या नाहीत. पण मालकाच्या घरच्यांनी येऊन नेल्या तर नेल्या. नियमात बसतं. तिनं हे फार पूर्वीच करायला हवं होतं, असंही ती म्हणाली. कुणाला बोलवायचा धीर होत नव्हता. आणि समितीनं विचारलं तर ही माणसं गेली असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, हेही ठरलं.

“सगळ्यांबद्दल सांगशील ना, मावशी?” साहेबानं विचारलं. नळाजवळच्या वर्दीकडे त्यानं मुद्दामच पाहिलं नाही.

“सांगीन रे. तोंड आहे मला,” मावशी म्हणाली.

समिती ज्या दिवशी यायची, त्या दिवशी भल्या सकाळी मावशीनं सगळ्या वर्द्या शेवटच्या म्हणून धुवायला काढल्या. स्वच्छ केल्याशिवाय द्यायच्या नाहीत, हे आलंच. साहेब मांडवातल्या नवरीच्या बापासारखा फेऱ्या मारत होता. मावशीचं म्हणणं, दुपारपर्यंत वाळू देत, इस्त्री करते, मग बोलवू. साहेब म्हणाला, दुपारपर्यंत समिती इथं येऊन चहा पिऊन परतसुद्धा जाईल, आत्ता दे. लॉंड्रीच्या इतिहासात ओला कपडा कधी गिऱ्हाइकाच्या हातात गेला नव्हता. साहेबाच्या घाईपायी तो त्या दिवशी गेला.

बायका आल्या. थट्टामस्करी करत आल्या आणि फाटकाच्या आत पाऊल टाकताच गप्प झाल्या. मावशी एकेक वर्दी उतरवून हातात देत होती. कुणी पटकन घेऊन वळली. कुणी आधी बाही हातात धरून पाहिली, जणू आत मनगट आहे का बघतेय. लंबूच्या म्हाताऱ्या आईच्या हातात ती वर्दी मावेना, जमिनीवर लोळायला लागली, तेव्हा तिनं ती खांद्यावर टाकली, लहान मूल घ्यावं तशी. मावशी प्रत्येकीला तेच सांगत होती: ओली आहे गं, घडी घालू नको, वास मारेल. वाऱ्यावर टाक.

शेवटी अंगणात एकच उरली. मावशी बराच वेळ नळाजवळ उभी होती. मग तिनं तीही उतरवली, आपल्याच हातानं आपल्याच हातात दिली, आणि घराकडे चालू लागली. मागून साहेबाला तिची पाठ दिसली. वर्दीचे दोन्ही पाय तिच्या पायांबरोबर चालत होते.

मोकळी दोरी पाहून साहेबाला हायसं वाटलं. आणि का कोण जाणे, अंगावर काटाही आला. गर्दी असताना त्याला त्या अंगणाची कधी एवढी भीती वाटली नव्हती.

समिती आली. अध्यक्षबाई भल्या होत्या. साध्या चपला, कान देऊन ऐकणाऱ्या, कुठं हारतुरे नकोत म्हणणाऱ्या. साहेबानं त्यांना आधी लॉंड्री दाखवली. त्यांनी दोरी पाहिली, मान हलवली, दोन ओळी लिहून घेतल्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, चला, घरं बघू.

गल्लीच्या तोंडाशी साहेब थांबला. वस्तीतल्या घरांच्या मागच्या बाजूला खाणीच्या मातीचे ढीग. तिकडे ओलं कापड टाकलं तर विटेच्या रंगाचं होऊन येईल. म्हणून सगळे कपडे पुढच्या दारातच वाळत घालतात. दर घराच्या वळचणीला, उंबऱ्याच्या वरच, खांद्यांना काठी घातलेली एकेक निळी वर्दी उभी होती. ज्या घरात दोन भाऊ होते तिथं दोन. जणू खाणीचा भोंगा झाला होता आणि सगळे एकदम कामाला निघायला दारात आले होते. वारा मंद होता. त्या सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या.

“छान,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. “घरटी एक माणूस कामाला आहे की.”

साहेब धडपडत सांगायला लागला की नाही, या वर्द्या कुणी घालत नाही, ही माणसं नाहीतच. अध्यक्षबाईंनी समोरच्या वर्दीची बाही हातात घेतली. ओली होती. सकाळीच धुतलेली, बटणं सगळी जागच्या जागी, साबणाचा वास येत होता.

“घालत नाहीत, तर धुतात कशाला?”

याचं उत्तर साहेबाला माहीत होतं, पण ते समितीला सांगण्यासारखं नव्हतं. “धूळ बसते म्हणून,” तो शेवटी म्हणाला. समितीतले एक गृहस्थ दुसरीकडे बघून हसले.

मावशी तिच्या दारात उभी होती. तिच्या डोक्यावर, वळचणीला, ती कोपर घासलेली वर्दी. साहेबानं तिच्याकडे असं पाहिलं की एखाद्या दगडालाही दया यावी. अध्यक्षबाईंनी तिला नमस्कार केला आणि वर्दीकडे बोट करून विचारलं, हे कुठे आहेत?

सारी गल्ली ऐकत होती. लंबूची आई, डावखुऱ्याची बायको, सगळ्या आपापल्या उंबऱ्यात, आपापल्या वर्दीखाली. हात वर करून मावशीनं वर्दीचा खांदा सारखा केला. काठीवरून तो जरासा घसरला होता.

“येतील,” ती म्हणाली.

साहेब नंतर तिच्यावर रागावला नाही. त्याला ते जमलं नाही. तो तिच्या ओट्यावर बसून राहिला, आणि तिनं त्याला चहा दिला. वर्दी वाळत आली होती. मधूनच वारा आला की तिचे पाय त्याच्या डोक्याला लागत होते. एकदा मावशी हळूच म्हणाली, “मी म्हणणार होते रे.” साहेब म्हणाला, माहीत आहे.

अहवालात आलं की वस्तीत घरटी किमान एक कमावता कामगार असून गणवेशाची निगा उत्तम आहे. निधी दुसऱ्या जिल्ह्यात विमानतळाकडे जाणारा रस्ता रुंद करायला गेला. साहेबाची आकडेवारी विभागात बदली झाली. पुढच्या वर्षी लॉंड्रीचं पाणी कंपनीनं माती धुवायच्या कारखान्याला जोडलं, तेव्हा मावशी शहरात बहिणीकडे गेली. तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये ती चादरींच्या घड्या घालते. पगार वेळेवर होतो.